शेवंतीने उठवलेले बगळे

ठाण्यात टेंभी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, तळ्याकाठी नवी बाग झाली तेव्हा महिपत तिचा राखणदार झाला. हातात दांडकं आलं आणि त्याला जो तो चोर दिसू लागला. त्या वर्षी ज्येष्ठात तिथल्या चिंचेवर बगळे घरट्यांसाठी काटक्या आणू लागले, आणि एकेक करून नाहीसेही होऊ लागले. महिपतने आधी शिंगाडे काढणाऱ्यांवर आळ घेतला, मग धुणं धुणाऱ्या बायांवर.

"मडमांच्या टोप्यांना पिसं लागतात म्हणे. मुंबईचा दलाल फिरतोय. कुणीतरी सामील आहे त्याला," तो जेवताना बायकोला सांगे.

शेवंतीलाही मग सगळ्यांचा संशय येई. पाण्याला गेली की ती बायांच्या ओच्यात पिसं दिसतात का ते बघत राही.

एके दिवशी नवऱ्याचं मुंडासं झटकताना त्यातून पांढरं, झालरीसारखं विरळ पीस पडलं. विणीच्या दिवसांतच बगळ्याच्या पाठीवर येतं, तसं.

"हे कुठलं हो?"

"वाऱ्याने आलं असेल."

वारा काय घडीत शिरून बसतो? दुसऱ्या दिवशी फटफटताच तो निघाला, तशी घागर घेऊन ती मागे गेली. केवड्याआडून तिने पाहिलं. महिपत गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याच्या हातात फाशात अडकलेला बगळा फडफडला आणि थांबला. शेजारी दोन मातकट ढोकऱ्या मासे टिपत होत्या. त्यांच्या पिसांना मोल नव्हतं; त्यांच्याकडे त्याने बघितलंही नाही.

बोभाटा करावा तर नोकरी जाणार, पोरं उपाशी. पण बगळ्यांनी अजून अंडी घातली नव्हती; आत्ताच उठवले तर दुसरीकडे घरटी करतील. पुढच्या पहाटे ती त्याच्या आधी उठली आणि चिंचेखाली जाऊन काशाची थाळी बडवू लागली. सगळं झाड उडालं. खंड्या किंचाळत पाण्यावरून गेला. रोज तेच.

"अंगात आलंय का गं तुझ्या?" शेजारच्या हौसाबाईने विचारलं.

"आलंय," शेवंती म्हणाली.

शेवटी बगळे कंटाळले आणि बाळकुमच्या खाडीकडे, तिवरांत घरटी करायला निघून गेले.

"थाळी तू वाजवतेस?" महिपतने जेवता जेवता विचारलं.

"तुम्हीच म्हणत होता ना, कुणीतरी मारतंय. म्हटलं, चोराला काही मिळू नये."

त्याने घास तसाच धरून तिच्याकडे बघितलं. किती कळलंय हिला? त्यानंतर तो भल्या पहाटे उठला की तीही उठून बसे, आणि त्याची पावलं तळ्याच्या वाटेने जातात की खाडीच्या, ते कान देऊन ऐके.