खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुळे सोलापुरात आमच्या कोपऱ्यावर भाजी घेत होते. फोन रवीचा, अण्णांच्या मुलाचा. "शालूताई, अण्णा गेले. उप्पीट खाल्लं, ऑफिसात येऊन खुर्चीत बसले, आणि..." भाजीवालीनं विचारलं, "मेथी देऊ का?" मी "दे" म्हणाले. घरी आल्यावर ध्यानात आलं, आमच्या घरात मेथी कुणीच खात नाही. ऐंशी ओलांडलेला माणूस पोटभर खाऊन आपल्या खुर्चीत गेला, यात रडण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला समजावत होते आणि मेथी निवडत रडत होते.

अण्णा तेलुगू विणकर घरातले. घरालाच लागून टॉवेलचा छोटा कारखाना. मी नातेपुत्याची, लग्न होऊन सोलापुरात आले आणि त्यांच्याकडे नोकरीला लागले. काम काय, तर परदेशाशी पत्रव्यवहार. प्रत्यक्षात परदेश कुठंच नव्हता. होते ते जुने माग आणि न उठणारा माल. आजूबाजूचे कारखानदार माग भंगारात घालत होते, आणि कामगार दुसऱ्याच्या शेडमधला खडखडाट बंद झाला की आपल्याकडे बघत. "बाहेरची एक ऑर्डर लागली तर माग ऱ्हातील, न्हायतर आपलेबी जातील," अण्णा म्हणायचे. हे ते इतक्या शांतपणे म्हणत की मलाच धडकी भरायची.

अशात तैवानचे एक व्यापारी, लिनसाहेब, माल बघायला यायला तयार झाले. मी अण्णांना म्हटलं, त्या देशाची थोडी माहिती काढू या. अण्णा म्हणाले, "कापूस सगळीकडं कापूसच असतोय की." शेड धुऊन काढली, दाराला तोरण लावलं. लिनसाहेबांनी माल हातात घेऊन चोळून पाहिला, उजेडात धरला, मान डोलावली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आपल्याकडे मोठ्या पाहुण्याचं करतात ते अण्णांनी केलं. डोक्यावर टोपी ठेवली आणि लाल काठाचा, कारखान्यातला सगळ्यात देखणा पांढरा टॉवेल त्यांच्या गळ्यात घातला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. लिनसाहेबांचा चेहरा मात्र पडला. त्यांनी टॉवेल काढला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला, पानात वाढलेल्याला हात लावला नाही आणि ते गेले. आम्ही ठरवून टाकलं की त्यांना ऊन बाधलं. पण नंतर मी लिहिलेल्या एकाही पत्राला उत्तर आलं नाही.

अण्णांनी तो टॉवेल आपल्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बरेच दिवस त्याच्याकडं बघत बसले. एका सकाळी म्हणाले, "शालूताई, तैवानचं तिकीट काढा. माल न्यायचा न्हाय. नुसतं बघून येतो."

अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातून म्हणाल्या, "बघाया काय ती सोयरीक हाय?"

"व्हय की. पोरगी द्यायची तर आधी घर बघतो, आनि कारखान्याचा माल देताना बघाया नको?"

तिथं काय झालं ते अण्णा नंतर इतक्यांदा सांगत की मला ते तोंडपाठ आहे. लिनसाहेबांच्या गावात एका गल्लीत त्यांना मांडव दिसला. फुलं, खुर्च्या, माणसांची ये-जा. सोलापूरचा माणूस, मांडव बघून पुढं कसा जाईल? लग्न बघितलं की देश कळतो असा हिशोब करून अण्णा आत जाऊन बसले. कुणी तरी चहा दिला. निघताना घरातल्या माणसानं वाकून, दोन्ही हातांनी त्यांना टॉवेल दिला. अण्णांना काय आनंद झाला... हे तर आपलेच लोक निघाले! "मग म्हटलं, नवरा-नवरीला आशीर्वाद द्यावा. पुढं गेलो तर फुलांच्या मधी एका म्हातारीचा फोटो. आनि मानसं डोळं पुसाया लागलेली." त्या देशात मयताला आलेल्याला घरचे टॉवेल देतात, म्हणून एरवी तो कुणी कुणाला भेट देत नाही.

अण्णा तडक लिनसाहेबांकडे गेले. मिळालेला टॉवेल टेबलावर ठेवला, मांडवाच्या दिशेला हात केला आणि कान पकडून उभे राहिले. लिनसाहेब आधी बघत राहिले आणि मग खुर्चीला धरून हसले. सोलापूरला आले तेव्हा त्यांची आई आजारी होती. आईला घरी ठेवून आलेल्या माणसाच्या गळ्यात आम्ही टाळ्या वाजवत टॉवेल घातला होता. त्यांनी त्या दिवशी अण्णांना घरी नेऊन बरी झालेली आई दाखवली. ऑर्डर त्यानंतर आली, आणि माग राहिले. ते आजही चालू आहेत. कामगारांना पेढे वाटताना अण्णा मला म्हणाले, "थोडक्यात वाचलो, ताई."

तेव्हापासून नव्या देशातून चौकशी आली की अण्णा भावाचं बोलायच्या आधी विचारत, "तितं बाळंतिणीला काय देत्यात? पावन्याला काय? मेल्यावर काय?" कागदावरच्या उत्तरांवर त्यांचा विश्वास नसे. जर्मनीच्या वेळी होटगीच्या एका निवृत्त रेल्वे गार्डाचा मुलगा तिकडून सुट्टीला आलाय असं कळलं, तर अण्णा मला घेऊन होटगीला हजर. त्या मुलाकडून कळलं की सुट्टीच्या हॉटेलात लोक सकाळीच पोहण्याच्या तलावाकाठी खुर्चीवर टॉवेल टाकून जागा धरून ठेवतात. अण्णा हरखले. "म्हंजे एसटीत रुमाल टाकतो तसंच की!" परतताना रिक्षातच त्यांनी ठरवलं, जर्मनीला एकसारखे पांढरे पाठवायचे नाहीत. प्रत्येकाला आपली जागा लांबून ओळखू आली पाहिजे. ते भडक पट्ट्यांचे टॉवेल बघून अक्का म्हणाल्या की हे जत्रेतले दिसतात. जत्रेतलेच ते, पण तिकडे हातोहात खपले. मला त्या दिवसांत जितकं हसू आलं तितकं माझ्या उभ्या आयुष्यात आलं नाही, आणि ते आठवलं की आजही माझा जीव निवतो.

लिनसाहेब मग वरचेवर येत राहिले. घरात कडक नियम होता, त्यांना काहीही द्या, टॉवेल नाही. जाताना शेंगांच्या चटणीचा पुडा मिळे, आणि तो ते नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर खात.

अण्णांच्या दिवसकार्याला ते आले. पुण्यापर्यंत विमानानं, तिथून गाडी करून, काठी टेकत. आपल्या रिवाजाप्रमाणं सोयरे एकेक करून रवीला टॉवेल-टोपी देत होते. लिनसाहेबांनी मला विचारलं, हे काय चाललंय? मी इंग्रजीत सांगितलं, माणूस गेलेल्या घरी आमच्याकडे टॉवेल देतात. सांगता सांगताच मी थांबले... इतकी वर्षं हे आमच्या घरात होतं, आणि ते कळायला अण्णा समुद्र ओलांडून गेले. लिनसाहेब हळूच म्हणाले, "अण्णांनी हे मला कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, "त्यांच्या तरी कुठं ध्यानात आलं असेल?" आम्ही दोघंही हसलो, आणि मग हसू आवरलं नाही तसं रडूही आवरलं नाही.

निघताना रवी नेहमीसारखा चटणीचा पुडा घेऊन पुढं झाला. लिनसाहेबांनी मान हलवली आणि ऑफिसातल्या खुर्चीकडे बोट केलं. "आमच्याकडे आलेल्यानं घ्यायचा असतो," ते म्हणाले. मी अक्कांना सांगितलं. अक्का उठल्या, खुर्चीच्या पाठीवरचा लाल काठाचा टॉवेल काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला. लिनसाहेबांनी वाकून घेतला, आणि अण्णांनी घातला होता तसाच, आपल्या हातानं गळ्यात घातला. गाडीत बसले तरी काढला नाही.

खुर्चीची पाठ आता मोकळी आहे. रवी तिच्यावर बसत नाही, बाजूला स्टूल घेतो. परवा पोलंडहून चौकशी आली तेव्हा त्यानं विचारलं, "शालूताई, भाव काय कळवू?" मी खुर्चीकडे बघितलं आणि म्हटलं, "भाव नंतर. आधी विचार, त्यांच्याकडं बाळंतिणीला काय देतात."