टपालानं आलेली अर्धी जोडी

ये इकडं. अशी जवळ ये, लांबून नको. कान धरायचाय तुझा, आणि कागदावरून तो धरता येत नाही, हीच काय ती तुझी सुटका. शहाणे, माझ्या वाढदिवसाला शाल पाठवलीस. शाल झकास आहे, अंगावर घेऊनच लिहायला बसलेय. पण पाठवलीस कशानं? कुरिअरनं! तो माणूस खालूनच हाका मारतो, नंबर विचारतो, पिशवी हातात कोंबतो की चालला. पिशवीवर काळ्या रेघांचं एक लेबल. मी उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. तिकीट नाही! अगं, नात कुणाची तू? ज्या माणसानं नोकरीभर पोस्टाच्या तिकिटांना भोकं पाडली, त्याच्या घरात बिनतिकिटाची वस्तू?

आता तू म्हणशील, आजी, हल्ली कोण तिकिटं लावतं. ते खरंय म्हणा. आणि तुझ्या आईनंही तुला नीट सांगितलं नसेल, तिला लहानपणापासून माझ्या त्या तिकिटांच्या डब्याचा वैताग. तेव्हा मीच सांगते.

तुझे आजोबा नाशिकरोडच्या छापखान्यात होते, हे तुला ठाऊक आहे. पोस्टाची तिकिटं तिथं छापतात. छापलेल्या मोठ्या कागदावर तिकिटांच्या मधून बारीक भोकांची रेघ पाडायची, म्हणजे तिकीट हातानं सुटं करता येतं, त्या मशीनवर यांचं काम. मी चिडवायची, "म्हणजे तुमची नोकरी तोडायची सोय करण्याची. जोडायचं काम कुणाकडंय?" तर म्हणायचे, "ते घरी येऊन करतो की."

पण गंमत बघ. दिवसभर या माणसाच्या हाताखालून हजारो तिकिटं जायची आणि घरी एक आणता यायचं नाही. कपटासुद्धा नाही. सुटताना गेटवर झडती व्हायची. मग जेवताना मला तोंडानं चित्र सांगायचे. आज मोर होता, असा मान वळवून लांडोरीकडं बघतोय. आज नवरानवरी होती, मुंडावळ्या बांधलेली. मी भाकरी थापता थापता ऐकायची आणि मनातल्या मनात रंग भरायची. पुढं काही महिन्यांनी ते तिकीट पोस्टाच्या खिडकीवर आलं, की आम्ही चार लोकांसारखे रांगेत उभे राहून विकत घ्यायचो. बघितल्यावर मी भांडायची, "अहो, लांडोर तर तुम्ही सांगितली त्याहून लहान आहे!"

तुझ्या आईच्या वेळी मी माहेरी सिन्नरला गेले. तेव्हा पहिल्यांदा यांचं पाकीट आलं. माझ्या भावानं, म्हणजे तुझ्या आईच्या मामानं, ओट्यावर सगळ्यांच्या देखत फोडलं. आत कागद, आणि कागदावर एकच ओळ. "दुसरं माझ्यापाशी आहे." भाऊ कागद हलवून बघतोय, उजेडाला धरून बघतोय.

"ताई, दाजींची शाई संपली वाटतं!"

"दुसरं काय गं? दुसरी बायको नाही ना?" ही आमची काकू.

सगळे खो खो हसले. मला मात्र कळलं होतं, कारण माझं लक्ष पाकिटावर होतं. काही तिकिटं जोडीनं छापतात. दोन तिकिटं शेजारी शेजारी, मधे भोकांची रेघ, आणि चित्र मात्र दोन्हींत मिळून एकच. पाकिटावर नुसती नवरी होती. नवरदेव नव्हता. त्याचा एक हात तेवढा नवरीच्या बाजूला आला होता, बाकी सगळा फाडून यांनी खिशात ठेवलेला! मी ते तिकीट ताटलीत पाणी घेऊन भिजवलं, अलगद सोडवलं, वर्तमानपत्रावर वाळवलं, पाटाखाली दाबलं. बाळंतपण आटोपून परत आले, तर बाळ बघायच्या आधी यांनी खिशातून नवरदेव काढला. तुझी आई अजून त्यावरून रागावते.

तेव्हापासून ती आमची रीतच झाली. प्रेमाचं, जोडीचं असं कुठलंही तिकीट निघालं, की अर्धं टपालानं यायचं आणि अर्धं यांच्या खिशात. पोस्टापासून घर चालत जाण्यासारखं, तरी पत्र पेटीत टाकायचं आणि पोस्टमननं ते दारात आणायचं. मधले एक-दोन दिवस घरात दोघंही काही माहीत नसल्यासारखे. हे मुद्दाम विचारायचे, "कुणाचं काही आलं का?" मी म्हणायची, "तुमच्या भानगडी मला काय ठाऊक." पत्र आलं की चहाच्या वेळी टेबलावर माझा तुकडा ठेवायचा, त्यांनी त्यांचा आणून टेकवायचा. फाटलेल्या कडेचे दात एकमेकांत बसले, की मग चहा. गुलाबाच्या वासाचं तिकीट निघालं होतं ना, ते तेवढं मी भिजवलं नाही. वास जाईल म्हणून पाकिटासकट ठेवलंय. आता त्याला डब्याचाच वास येतो.

तिकिटं जमवणाऱ्यांतले एक गुरुजी आहेत, आपल्याकडं येतात. त्यांना हे कळलं तेव्हा डोक्याला हात लावला. "अहो वहिनी, काय केलंत हे! जोडीचं तिकीट कुणी फाडतं का? जोडी अखंड असली तरच तिला मान."

हे शांतपणे म्हणाले, "गुरुजी, अखंड जोडी तुमच्यासमोर चहा पितेय. आणखी कुठली दाखवू?"

आता पुढचं. तुला अर्धंमुर्धं माहीत आहे, कारण तू तेव्हा धावत आलीस आणि धावतच परत गेलीस.

सारस पक्ष्यांचं तिकीट निघालं होतं. एकावर नर, एकावर मादी, दोघांच्या माना वर, चोची आभाळाकडं. हे म्हातारपणी काठी टेकत पोस्टात जाऊन घेऊन आले होते. मला काही बोलले नाहीत, पण परत आल्यावर चेहऱ्यावर ते चोरटं हसू. मी ओळखलं, काहीतरी पेटीत पडलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. बाकी तुला ठाऊक आहे.

पत्र त्यानंतर आलं. घर माणसांनी भरलेलं. पोस्टाची बाई दारात चपलांचा ढीग बघूनच थबकली. पाकिटावरचं अक्षर ती ओळखते. कुणाकडं द्यावं तिला कळेना. मी आतून म्हटलं, "दे बाई, माझंच आहे." तिनं माझ्या हातात दिलं आणि तिथंच पदर तोंडाला लावला. पाकिटावर मादी होती. आत तीच एक ओळ.

मग मी नर शोधला. पैशाचं पाकीट, चष्म्याचं घर, औषधांचा डबा, सगळ्या शर्टांचे खिसे. देवळीतल्या डायऱ्या झटकल्या. दवाखान्यात नेताना अंगात होता तो शर्ट कुठं गेला, कुणालाच आठवत नाही. धावपळीत असं होतं, कुणाला बोल लावायचा! काही कपडे तुझ्या आईनं देऊन टाकले होते. मी तिला एका शब्दानं बोलले नाही, तूही बोलू नकोस.

गुरुजींना समजलं, तर ते बिचारे सारसाची नवी, अखंड जोडी घेऊन आले. जोडी फाडू नका म्हणणारा माणूस, स्वतःच म्हणाला, "वहिनी, यातला नर सोडवून घ्या. तुमची जागा भरेल." मला त्यांचं मन मोडवेना. त्यांच्यासमोरच रेघेवर दुमडलं आणि फाडलं. माझ्या मादीशेजारी नर टेकवला. चित्र बरोबर जुळलं. पाण्याची रेघ जुळली, गवत जुळलं. दात जुळले नाहीत. भोकं मशीन पाडतं, पण फाडतो तो हात. दर वेळी दात वेगळे निघतात. एखाद्या ठिकाणी कागदाचे तंतू जास्त येतात, एखाद्या ठिकाणी कमी. यांनीच मला दाखवलं होतं ते, बोट फिरवून. नव्या नराचे दात माझ्या मादीच्या दातांवर चढून बसले. मी म्हटलं, "छान दिसतंय, गुरुजी." गुरुजींनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही दिसत होतं.

डब्यात मादीच्या शेजारची जागा मी मोकळी ठेवलीय. आणि तो नवा नर आठवतो का तुला? मागच्या महिन्यात मी तुला पाकीट पाठवलं, त्यावर तोच होता. खिडकीवरच्या बाईला विनवलं, शिक्का कोपऱ्यावर मार गं, त्याच्या डोळ्यावर नको. तू काय केलंस? पाकिटाचा फोटो काढून फोनवर पाठवलास, खाली लाल बदाम. "आजी, पक्षी भारी आहे!" मी तो बदाम किती वेळ बघत बसले. रागावले नाही. बदाम चांगला होता. पण बाळा, त्याला हात लावला तर काचच लागते.

अजून पोस्टाच्या बाईची चाहूल लागली, की मी दाराशी जाते. विजेचं बिल असतं, बँकेचं काहीतरी असतं. मला कळत नाही असं नाही. गेलेला माणूस काय लिहिणार? पण पाय जातात. चहाचे दोन कप काढले जातात, एक परत ठेवते. टेबलावर समोर कुणी तरी बसावं, माझं काहीतरी घेऊन आलेलं असावं आणि मी भांडावं, एवढंच वाटतं.

त्यांना आता येता येत नाही. तुला येता येतं. तू म्हणतेस, सुट्टी नाही. दोन दिवसांची काढ. माझ्या भावानं सिन्नरहून बाजरी पाठवलीय, भाकऱ्या करीन. तुझ्या आईच्या गाडीतून मात्र येऊ नकोस, ती आली की माझा तिकिटांचा डबा आवरायला काढते. तू एकटी ये. आधी कळवलंस तर मी रोज खिडकीत उभी राहीन, म्हणून वाटल्यास कळवू नकोस. शाल, औषधं, फळं काही पाठवू नकोस. तूच ये गं, थंडी सरायच्या आत ये.