लपलेल्या फोल्डरातले थोरले आबा

सुदुंबऱ्याची माधवी फ्लेक्सचं डिझाइन करते. वाढदिवस, निवड, साखरपुडा, दशक्रिया, सगळं एका हाताने. हल्ली गावात माणूस गेला की रडणं नंतर, आधी फोटो पाठवतात. कामाला ती वडगावात आदिनाथच्या दुकानात होती. छपाईचं मशीन त्याचं, कॉम्प्युटर मात्र तिने घरून नेलेला.

गावातल्या अंबाजीआबांचे थोरले भाऊ, सगळ्यांचे थोरले आबा, वारले. माधवीने फ्लेक्स तयार करून ठेवला आणि दुपारीच त्यांच्या घरी भेटायला गेली. दिवेलागणीपर्यंत आबांच्या बायकोजवळ, नंदाबाईंजवळ, बसून होती. दशक्रियेला वेशीवर फ्लेक्स चढला, तर 'भावपूर्ण श्रद्धांजली'खाली फेटा बांधलेले अंबाजीआबा! जिवंत आबा खाली उभे राहून स्वतःकडे बघताहेत. पोरं फिदीफिदी हसली. नंदाबाईंचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला.

"हिनं केलंय," आदिनाथने सगळ्यांदेखत बोट दाखवलं. "मी नुसतं छापलं."

झालं. माधवीला कामावरून काढलं आणि तिच्या हातचा फ्लेक्स गावात अपशकुनी ठरला. तिला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. बाईने केलं म्हटलं की आपल्याकडे चौकशी संपते.

माधवी रडली नाही. कॉम्प्युटर घरी आणला आणि ताट बाजूला सारून बसली. तिची फाइल गायब, रिसायकल बिनही लख्ख रिकामं. तिने एरवी लपलेली फोल्डरं दिसायला लावली आणि सी ड्राइव्हच्या पोटात, जिथे शहाणी माणसं हात घालत नाहीत तिथे, शिरली. एक उघड, बंद कर, दुसरं उघड. डिझाइनचं सॉफ्टवेअर काम चालू असताना गुपचूप एक प्रत ठेवतं आणि काम नीट बंद केलं की ती पुसतं. पण त्या दुपारी वडगावात लाइट गेली होती. आदिनाथने लाइट आल्यावर काम पुरं केलं, छापलं, नंतर फाइल उडवली. आत अडकलेल्या अर्धवट प्रतीचा त्याला पत्ताच नव्हता. माधवीने ती उघडली. वर फेटेवाले आबा. माउसने बाजूला ओढले, तर खाली थोरले आबा, आधारकार्डावरचे, धुरकट. प्रतीवर वेळ त्याच दुपारची, ती नंदाबाईंजवळ बसली होती तेव्हाची.

"सापडलास, मुडद्या," ती म्हणाली.

आबा आणि नंदाबाईंना घेऊन, कॉम्प्युटर रिक्षात घालून, ती भर गिऱ्हाइकात दुकानात गेली. सगळ्यांसमोर फोटो बाजूला ओढून दाखवला.

"अगं, धुरकट होता," आदिनाथ चाचरला. "दुकानात जुना चांगला सापडला. भाऊभाऊ सारखेच दिसत्यात..."

"ही त्या टायमाला माझ्यापाशी व्हती," नंदाबाई कडाडल्या. "माझा धनी तू मारलास व्हय रं?"

आबाच विरघळले. "जाऊ दे, पोरी. मी काय मेलो न्हाई."

"तुमी न्हाई मेला, आबा. मला मारलं त्यानं." ती आदिनाथकडे वळली. "भाऊ, वेशीवर फ्लेक्स लागल. तुमचा फोटो, आन खाली 'चूक माझी, माधवीची नाही'."

"बारका लावू? खांबाला?"

"श्रद्धांजलीचा व्हता तेवढाच. मीच करणार."

तिने मोबाइल काढून त्याच्या तोंडासमोर धरला.

"अगं, केस तरी विंचरू दे!"

तिने विंचरू दिले नाहीत.