मातीला जाणारे मास्तर

तुमच्या चर्चच्या भिंतीला लागून जे घर आहे, त्या घरात शेवटचं कोण वारलं, हे तुम्हाला सांगता येईल का?

आमच्या मास्तरांना सांगता यायचं. नुसत्या शेजारच्या घरातलं नव्हे, सगळ्या गावातलं. आमचं गाव ईट गावच्या बाजाराला जाणारं, लहानसं. त्यात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. मिशनने मास्तरांना नेमलं ते मुलांना शिकवायला, रविवारी उपासना चालवायला आणि गावात सुवार्ता सांगायला. गावाने मात्र त्यांना ओळखलं ते वेगळ्याच कामावरून. कोणाचंही मयत असो, मास्तर मातीला हजर. सगळ्यांच्या मागे, हात बांधून, शब्द न काढता चालायचे. एकदा पारावर कोणीतरी चिमटा काढला, “मास्तर, आमी मरायची वाट बघत असता व्हय?” मास्तर म्हणाले, “न्हाय बाबा, तुमी लई जगा. माझे पाय आधीच दुखत्यात.”

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारच्यांनी भाकरी नेऊन द्यायची, तिला कडू घास म्हणतात. तो ज्याच्या त्याच्या जातीने न्यायचा, ही रीत. आमची घरं पूर्वीची महारवाड्यातली. बाप्तिस्मा झाला म्हणून गावाच्या लेखी आमचा हात बदलला नव्हता. तरीही लिंगायत वाण्याचा म्हातारा गेला तेव्हा मास्तर फडक्यात भाकरी बांधून त्याच्या दारात उभे राहिले. ठेवा तिकडे, असं आतून सांगण्यात आलं. ती भाकरी म्हशीपुढे गेली, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मास्तरांच्या पत्नी शलोमीबाई चिडल्या. म्हशीसाठी मी धुरात डोळे फोडायचे का, असं त्यांनी विचारलं.

“खाऊ दे म्हशीनं,” मास्तर म्हणाले. “आपण गेलो ते तर घरानं बघितलं.”

पुढच्या मयताला शलोमीबाईंनी पुन्हा भाकरी थापली, पण पुटपुटत. काही वर्षांनी त्याच वाण्याच्या म्हातारीने मास्तरांना उन्हात उभं पाहून ओट्यावर बसायला सांगितलं. एवढंच. उपासनेला त्या घरातून कोणी आलं नाही.

हेच पाळकसाहेबांना खुपायचं. ते तालुक्याहून यायचे, तेव्हा छापील पत्रकांचा गठ्ठा आणायचे. त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकलो. शेजाऱ्यावर प्रीती करा, हे वाक्य मला पाढ्यांआधी पाठ झालं. साहेब मंडळीच्या पंचांसमोर मास्तरांना विचारायचे, इतक्या मातीला गेलात, त्यातून मंडळीत किती आले? मास्तर खाली बघून सांगायचे, एकही नाही. मग परधर्मीयांच्या रीतीभाती पाळण्यावर साहेबांचं व्याख्यान व्हायचं. एकदाच मास्तर मध्ये बोलले. “साहेब, सुखात त्यांच्या दारात मला कोण उभं करतंय? दुःखात तेवढं हाकलत न्हाईत.”

रझाकारांच्या दिवसांत सगळं गाव आतून कडी लावून जगलं. मग हिंदुस्थानची फौज आली, निजामी संपली आणि भीतीने घर बदललं. चर्चच्या भिंतीपलीकडे पिंजाऱ्याचं घर होतं. गावाच्या गाद्या भरण्यात त्या म्हाताऱ्याचा जन्म गेला. त्याने कोणावर हात उगारल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. बाहेरून आलेल्या जमावाने त्याला अंगणातच मारलं. मुलगा रानात पळाला, तो आजवर परतलेला नाही. बाकीचे मुसलमान आधीच पांगले होते. घरात उरल्या दोघी, सासू, तिला गाव चाची म्हणायचं, आणि सून. आणि अंगणात प्रेत.

मास्तर पंचांकडे आले. खांद्याला चार माणसं द्या, एवढंच मागणं होतं. पंच घाबरले होते आणि त्यांची भीती खोटी नव्हती. आपली घरं मूठभर, आज त्यांच्यावर आले ते उद्या आपल्यावर येतील, असं ते म्हणाले. जाणार असाल तर मंडळीचे म्हणून जाऊ नका, असंही म्हणाले. मास्तरांनी चर्चची किल्ली कमरेची काढून पंचांपुढे ठेवली आणि कुदळ मागून घेतली. कुदळ तेवढी मिळाली.

पुढचं मला शलोमीबाईंनी सांगितलं. नवरा-बायकोने आणि त्या दोघींनी बाजेवर घालून म्हातारा कबरस्तानात नेला. मास्तरांनी खड्डा खणला. मग ते थांबले. “मला तुमची नमाज येत न्हाय,” ते चाचीला म्हणाले, “अन् इथं आमची म्हणणं बरं न्हाय.” मास्तर टोपी काढून उभे राहिले. चाचीला जेवढं आठवलं तेवढं ती म्हणाली.

महिन्याभरात मिशनचा हुकूम आला. मंडळीचा जीव धोक्यात घातला म्हणून मास्तरांची नेमणूक रद्द झाली. बैलगाडीत त्यांचा संसार चढत होता तेव्हा मी विचारलं, मास्तर, पुन्हा तसंच कराल का? त्यांनी हातातलं गाठोडं गाडीत सरकवलं.

“ते सोड. माती लोटून झाल्यावर चाचीनं मला इचारलं, तुमच्या देवळातले बाकीचे कुठं हायत? आमी दर ऐतवारी त्यांची गाणी ऐकतो की.  तुला उत्तर सुचलं तर कळव.”

 गाडी गेली. वाण्याच्या ओट्यावरून, पारावरून लोक बघत होते. कोणी खाली उतरलं नाही. चाची त्याच हिवाळ्यात खंगून वारली आणि सून माहेरी गेली.

मंडळीच्या बंधूंनो, बहिणींनो, पिंजाऱ्याची सून माहेरहून परत आली आहे. भिंतीपलीकडे एकटी राहते, दिवसाही दार लावून घेते आणि आपली गाणी तिला अजून ऐकू जातात. अशी एखादी तुमच्याही गावात परतली असेल. येत्या रविवारी उपासना सुटली की घराकडे वळू नका. पत्रक घेऊ नका, चर्चला ये म्हणू नका. तिच्या दारात जा आणि ती उघडेपर्यंत थांबा.