सीताकाकीची लोखंडी खोली

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा आमचा महादूकाका. आमच्या अंजूर गावातल्या त्याच्या शेतात गोडाऊनं उभी राहिली, दर महिन्याला भाडं यायला लागलं आणि काकाला करायला काही उरलं नाही. पूर्वी हाच माणूस भल्या पहाटे नांगराला जायचा. आता अंघोळ करून, सोन्याची साखळी बनियनच्या वर काढून, ओट्यावर खुर्ची टाकून मोबाईल बघत बसायचा. त्या मोबाईलमध्येच त्याला ती लहर सापडली.

शत्रू आभाळात उंच बॉम्ब फोडणार. आवाज नाही, रक्त नाही, पण त्यातून सुटलेल्या लहरीने खाली विजेवर चालणारं सगळं एका क्षणात जळून जाणार, मग तो पंखा असो, मोटार असो नाही तर मोबाईल. काका हे आम्हाला असं सांगायचा, जणू शत्रूने तारीख त्याला विचारूनच ठरवलीय. बंद पत्र्यातून लहर आत शिरत नाही म्हणून त्याने पत्र्याचे डबे आणले, त्यात जुने मोबाईल आणि रेडिओ ठेवून झाकणं पक्की केली. हातपंप दुरुस्त करून घेतला. चुलीसाठी लाकडं भरली. इथपर्यंत आम्ही हसत होतो. खरं सांगायचं तर त्यातलं थोडंफार शहाणपणाचंही होतं.

पण सीताकाकीच्या छातीत पेसमेकर होता. तिचं हृदय मध्येच संथ पडायचं, म्हणून आदल्या वर्षी बसवलेला. काकाने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं की लहर आली की असली यंत्रंही बंद पडतात. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

काकी आमच्या गावची धवलारीण. आमच्यात लग्नाचे विधी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणाऱ्या बाईशिवाय होत नाहीत. भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण हवीच. काकी काळी, किडकिडीत आणि तोंडाने फटकळ. आवाज मात्र असा की गाऊ लागली की मांडवातली पोरंसुद्धा गप्प बसायची. काकाचा तिच्यावर जीव होता, हे मी नाकारत नाही. नुसता जीव असता तर ती आज जिवंत असती. जीव होता आणि अक्कल नव्हती, वर हट्ट होता.

त्याने नारपोलीच्या मुबश्शिर भंगारवाल्याकडून जुना कंटेनर घेतला, ट्रेलरवर असतो तसा. क्रेनने तो घरामागच्या अंगणात उतरवला. मुबश्शिर कटर घेऊन उभा राहिला.

"शेट, खिडकी किधर काटू?"

"खिडकी नको."

"फिर पंखे की वायर के लिए छेद?"

"वायर पण नको. वायरीतून लहर आत येते."

मुबश्शिरला वाटलं, माल ठेवायचा असेल. तो कटर गुंडाळून निघून गेला. काका दाराच्या रबरावरून हात फिरवत राहिला. पाणीसुद्धा आत जाणार नाही असं ते रबर होतं, आणि काका खूश होता. कंटेनरचं दार फक्त बाहेरून लागतं. ते माणसासाठी बनवलेलंच नसतं. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण महादूशेटला सांगणार कोण?

काकी रात्री तिथे झोपायला लागली. तेव्हा दार अर्धवट उघडं असायचं, तरी सकाळी तिचं लुगडं पिळून काढावं इतकं ओलं व्हायचं.

"मना काय कणगीतला भात समजता काय?" ती म्हणायची. "लहर न्हाय मारनार मना, तुमीच माराल."

"तू गप. तुजी मशीन बंद परली तं मी काय करू? सांग ना, काय करू?" एवढं बोलून काकाचे डोळे भरायचे. मग काकी उशी उचलून आत जायची. बाईला रागाला उत्तर देता येतं, रडणाऱ्या नवऱ्याला ती काय उत्तर देणार?

त्या मे महिन्यात सीमेवर गोळीबार सुरू झाला. ठिकठिकाणी हवाई हल्ल्याच्या भोंग्यांच्या तालमी झाल्या आणि काकाच्या मोबाईलला ऊत आला. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाची, प्रितेशची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अख्खं गाव मांडवात, मटणाचे टोप चुलीवर आणि डीजे दुपारपासूनच सुरू. माझी आई सांगून बसली होती, सीता आल्याशिवाय नवऱ्याला हळद लागणार नाही.

काकी तयार झाली होती. हिरवं लुगडं, केसात अबोलीचा वळेसर. ती पायरी उतरणार, तेवढ्यात काकाला मेसेज आला, आज दुपारी मोठा हल्ला होणार आहे, जपून राहा. कोणी पाठवला, देव जाणे. असले मेसेज त्या दिवशी साऱ्या भिवंडीत फिरत होते आणि लोक वाचून पुढे ढकलत होते.

काकाने तिचा दंड धरून तिला कंटेनरकडे वळवलं. त्यांची सून हेमाली मधे पडली. आम्ही पोचेपर्यंतचं सगळं मला तिच्याकडूनच कळलं.

"बाबा, बाहेर केवढं ऊन हाय! लोखंड तापलंय."

"थोडा वेळच हाय."

काकी हेमालीला म्हणाली, "जाऊ दे गो. हळदीचे दिवशी भांडन नको. त्यांचा जीव शांत होईल, मंग जाव आपुन." आणि ती आपल्या पायांनी आत गेली. काकाने दांडे फिरवले, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली.

पाऊण तास उलटला, आता त्याने दार उघडलंही असतं. पण तेवढ्यात गावातली वीज गेली. गोडाऊनकडचा ट्रान्सफॉर्मर उन्हात उडाला होता, दर मे महिन्यात उडतो तसा. काका मात्र ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "आली!" हेमाली म्हणते, त्याचा चेहरा भीतीचा नव्हताच, आनंदाचा होता.

आतून काकी दार वाजवू लागली. काका ओरडला, "आता न्हाय उघरनार! लहर उतरू दे!"

हेमालीने मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला. "बाबा, बघा, चालू हाय! डीजे वाजतोय, ऐकू येत न्हाय का?" मांडवात जनरेटरवर डीजे ठणाणा करत होता, अख्खं अंजूर हादरत होतं. काकाने तिच्या हातातला मोबाईल हिसकावून पाण्याच्या पिंपात टाकला. "दुसरी लहर यायची हाय," तो म्हणाला आणि कोयता घेऊन दारापुढे बसला.

हेमाली अनवाणी मांडवात धावत आली. तिचा नवरा, म्हणजे काकाचा मुलगा दीपेश, मटणाच्या टोपाशी होता. डीजेपुढे तिचं ओरडणं ऐकू जाईना, तेव्हा तिने त्याच्या हातातला डाव खेचून फेकून दिला. आम्ही पळत सुटलो.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण शांत होतं. काका कोयता मांडीवर ठेवून बसला होता. आम्हाला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"वाजवत व्हती मघा," तो म्हणाला. "समजावली. आता निजली."

दीपेशने बापाला ढकललं. कोयता माझ्या हाताला लागला, ते मला नंतर कळलं. करगोटा तोडून किल्ली घेतली. दांड्यांना हात लावला तर कातडी चिकटली, गोणपाट गुंडाळून ते फिरवावे लागले. दार उघडलं तसा आतून भट्टीसारखा झोत आला. काकी दाराला टेकूनच बसली होती, ती तशीच बाहेर कलंडली. हिरवं लुगडं तिने सोडून पायाखाली घेतलं होतं, जमीन भाजत होती म्हणून. हेमालीने आपली ओढणी तिच्यावर टाकली आणि मग किंचाळली.

पोलीस आले, पंचनामा झाला, मृतदेह सरकारी दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरांनी छातीतलं यंत्र काढून दिलं. ते ठेवून चिता पेटवली तर फुटतं, असं ते म्हणाले. काका हवालदाराशेजारी बाकावर बसला होता. त्याने एकच विचारलं.

"बंद परली व्हती का ती?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "यंत्र उत्तम चाललंय. अजून कितीतरी वर्षं चाललं असतं."

काकाने दीपेशकडे बघितलं. "आयकला? म्हंजे लहर आत न्हाय शिरली."

दीपेशने मान वळवली. माझ्या मनात आलं, या माणसाला इथेच भिंतीवर आपटावं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण हवालदाराने मला बाहेर काढलं.

काकीला अँब्युलन्समध्ये ठेवलं. हवालदाराने काकालाही शेवटचं बघायला आणलं. ड्रायव्हरने मागचं दार ओढलं, तसा काका हवालदाराचा हात झटकून पुढे झाला आणि त्याने दारात हात घातला.

"लावू नको," तो म्हणाला. "उघरा ऱ्हाऊ दे. आत लय गरम होते तिला."