दमलेला घोडा

बेंगळुरूत राजाजीनगरला आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्कांकडे मी दर रविवारी मातीचे प्राणी करायला जाते. त्यांचे सगळे प्राणी बसलेले असतात. हत्ती तक्क्याला टेकलेला, उंट मांडी घालून, जिराफ तर चक्क आरामखुर्चीत. बारीक पायांवर उभा केलेला प्राणी भट्टीत वाकतो, हे त्यांनी मला आधीच बजावलं होतं. पण मी हट्टी. माझा घोडा उभाच राहणार, असं ठणकावून सांगितलं.

भट्टी उघडली तेव्हा घोड्याचे चारही पाय मुडपले होते आणि मान खाली गेली होती. मी इतकी वैतागले की त्याला कचऱ्यात टाकायला निघाले. अक्कांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"अगं, स्वल्प दमलाय, एवढंच."

मग त्यांनी चिमूटभर मातीची उशी वळली, तिला झालरसुद्धा लावली. पुढच्या रविवारी ती भाजलेली उशी घोड्याच्या हनुवटीखाली चिकटवली, आणि पडलेला घोडा झोपलेला झाला. असे हात मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

आता तो माझ्या ऑफिसातल्या टेबलावर असतो. परवा मॅनेजर तावातावाने आला, त्याने घोड्याकडे बघितलं आणि माझ्यावर कुजबुजत रागावला.