पिंपळाखालची दुसरी कुऱ्हाड

कावेरीच्या आमच्या मुलखात दगड उगवत नाही. नांगर कितीही खोल घाला, वर येतो तो गाळच, काळा, लोण्यासारखा मऊ. वरवंटा हवा तर बाहेरून आणायचा, देव हवा तरी बाहेरूनच. तंजावूरच्या मोठ्या देवळाचा डोंगराएवढा दगड असाच कुठून कुठून आला. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. सेतुमाधवरावांची गोष्ट सांगायची तर आधी ही माती सांगावी लागते.

सेतुमाधवराव राजवाड्यामागच्या गल्लीत राहत आणि शाळेत इतिहास शिकवत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. एका उन्हाळ्यात ते सेलमजवळच्या शेवराय डोंगरात सोयऱ्यांकडे गेले आणि वेगळेच होऊन आले. लोखंड ठाऊक नसलेल्या माणसांनी दगड घासघासून केलेल्या कुऱ्हाडी तिथल्या शेतांत निघतात. लोक त्या उचलून पिल्लैयारपुढे, म्हणजे आपल्या गणपतीपुढे, रचून ठेवतात. तिथल्या एका शेतकऱ्याने त्यांना एक कुऱ्हाड दिलीही. तेव्हापासून रविवार आला की सायकल काढायची आणि गावोगावच्या पारांवरचे देव न्याहाळायचे, हा त्यांचा नेम झाला.

"लोक देवाचे पाय बघतात, आमचे हे धार बघतात," त्यांची बायको चंद्रमती म्हणे.

बावन्न साली पापनाशमच्या पलीकडे एका खेड्यात, तळ्याकाठच्या पिंपळाखाली त्यांना धार दिसली. दगड तेलाने माखलेला होता. त्यांनी रुमालाने पुसला आणि ते पारावरच बसले. गाळाच्या मुलखात अशी कुऱ्हाड निघाल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. इथे नांगराआधीही माणूस राहत होता, याची ही खूण, असं त्यांच्या मनाने घेतलं.

पार सांभाळणारा सुब्रह्मण्य शेतातून येऊन मागे उभा होता.

"वाद्यार," तो म्हणाला. मास्तरांना आमच्याकडे असंच म्हणतात. "देवाकडे येताना तेल आणावं. रुमाल कसला आणता?"

"हा दगड मला द्या. शाळेत जपून ठेवीन."

"शाळेत? तिथे तो नापास होईल."

पण सुब्रह्मण्य वाईट माणूस नव्हता. जागा रिकामी राहता कामा नये, एवढंच त्याचं म्हणणं. असाच दुसरा आणा आणि हा न्या. असाच म्हणजे असाच. मातीचा नको, सिमेंटचा नको. पुढच्या रविवारी सेतुमाधवरावांनी शेवरायची कुऱ्हाड नेली. सुब्रह्मण्यने तिच्यावर तेल ओतलं, हळदकुंकू लावलं. देव बसला तो बसला.

पिंपळाखालची पहिली कुऱ्हाड शाळेच्या काचेच्या कपाटात गेली. गाव त्यांना कुऱ्हाडी वाद्यार म्हणू लागलं आणि त्यांना ते आवडे. मद्रासच्या एका सभेत ते कुऱ्हाडीवर बोलले, तेव्हा एक विद्वान सौम्यपणे म्हणाले, "एक कुऱ्हाड कोणाच्याही हातून पडते. दोन मिळाल्या तर वस्ती म्हणू." ते वाक्य सेतुमाधवरावांनी उराशी धरलं. वर्षानुवर्षं दुसरी शोधली. पावसाळे आले, कालवे भरले, गुडघे धरले. दुसरी मिळाली नाही.

पासष्ट साली त्यांची भाची कनकलता आली. मद्रासला ती दगडी हत्यारांवर प्रबंध लिहीत होती. एका दुपारी ती खेड्यातून परतली ती धापा टाकतच.

"मामा, तुमची दुसरी सापडली!"

"कुठे?"

"तुमच्याच पिंपळाखाली! धार अगदी शाबूत. दोन झाल्या, मामा. वस्ती झाली! मामी, आज कापीत साखर जास्त घाल."

चंद्रमतीने नवऱ्याकडे पाहिलं. शेवरायचा दगड त्या रविवारी तिनेच पिशवीत घालून दिला होता. ती कॉफीचं आधण ठेवायला चुलीकडे गेली.

गप्प राहिलं की काम भागणार होतं. सुब्रह्मण्यला कोणी विचारलं नसतं आणि विचारलं असतं तरी त्याच्या लेखी देव तो देव. वर्षानुवर्षं मागितलेलं आयतं दाराशी आलं होतं. सेतुमाधवरावांनी कापी संपवली, पेला उलटा ठेवला.

"ती मी ठेवली आहे," ते म्हणाले आणि सगळं सांगितलं.

कनकलता आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. "असू दे. पहिली तर खरी ना? एक तरी राहिली."

ते हो म्हणणार होते. तोंड उघडलंही. पण आपणच पिशवीतून नेलेला दगड त्यांना आठवला.

"मी डोंगरातून दगड आणला आणि पिंपळाखाली ठेवला," ते म्हणाले. "माझ्याआधी असाच कोणी आला नसेल कशावरून? नवस फेडणारा, बैलगाडीवाला, कोणीही. आपल्याकडे दगड येतो तो कोणाच्या तरी पिशवीतूनच."

"मग मी लिहू काय, मामा?"

"दगड पूजेत मिळाला, जमिनीत नाही. एवढंच लिही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतलं कपाट उघडून कुऱ्हाड काढली आणि भाचीला घेऊन बस धरली. सुब्रह्मण्य आता पिकला होता. त्याने दगड हातात घेऊन ओळखला.

"काय वाद्यार, झाला का शेवटी नापास?"

"त्याची परीक्षाच मी चुकीची घेतली," सेतुमाधवराव म्हणाले.

सुब्रह्मण्यने दोन्ही दगड शेजारी शेजारी बसवले. एक तेलाने काळाभोर, दुसरा कपाटात राहून राखेसारखा झालेला. त्याने वाटीतलं तेल ओतलं. कोरड्या दगडाने ते बघता बघता पिऊन टाकलं. त्याने घरात हाक मारून आणखी तेल मागवलं.